‘समुद्रातल्या प्लास्टिकपासून’ म्हणजे नेमकं कुठून?

बुटांच्या, सॅकच्या, पोहण्याच्या कपड्यांच्या लेबलवर हल्ली एक ओळ दिसू लागली आहे: समुद्रातल्या प्लास्टिकपासून बनवलेलं. ती वाचली की कुणीतरी बोटीतून जाऊन लाटांवर तरंगणाऱ्या बाटल्या गोळा केल्या असतील, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. बहुतेक वेळा तसं घडलेलं नसतं. त्या बुटातलं प्लास्टिक बहुधा समुद्रात कधी पडलेलंच नसतं.

ही फसवणूक आहे का? माझ्या मते ज्या वेळी ते समुद्रात पडायच्या आधीच उचललं जातं, त्या वेळी ती उलट चांगली गोष्ट असते. का, ते पुढे येईलच. पण लेबलनं ते सरळ सांगायला हवं, कारण समुद्रातून काढलेलं प्लास्टिक आणि समुद्राच्या वाटेवर अडवलेलं प्लास्टिक यांचा खर्च वेगळा, दर्जा वेगळा आणि ते गोळा करणारी माणसंही वेगळी असतात.

या धंद्यात ‘ओशन-बाउंड’ हा शब्द सर्रास चालतो. बाउंड म्हणजे तिकडे निघालेलं. किनाऱ्यापासून 50 किलोमीटरच्या आत, कचरा उचलण्याची धड सोय नसलेल्या ठिकाणी पडलेलं प्लास्टिक या नावाखाली येतं. नदीपात्रातून काढलेलं, किनाऱ्यावर वाहून आलेलं आणि मासेमारीतून निघालेलं यांचे आणखी पोटप्रकार आहेत. हे 50 किलोमीटर कुठून आले? 2015 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जेना जॅम्बेक आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. 192 देशांत किनाऱ्यापासून 50 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या लोकांचा कचरा धरून त्यांनी अंदाज बांधला, की 2010 या एका वर्षात 48 लाख ते 1 कोटी 27 लाख टन प्लास्टिक जमिनीवरून समुद्रात गेलं. संशोधकांनी हिशेबाच्या सोयीसाठी आखलेली ही रेघ पुढे उद्योगानं प्रमाणपत्रांसाठी उचलली.

त्याच 2015 मध्ये आदिदासनं ‘पार्ले फॉर द ओशन्स’ या संस्थेबरोबर बुटाचा एक नमुना दाखवला. बेकायदा मासेमारी करणाऱ्या जहाजाची समुद्रातून काढलेली जाळी त्यात वापरली होती. त्या एका नमुन्यानं जगभर लक्ष वेधून घेतलं. नंतर दुकानांत लाखो जोड आले तेव्हा मात्र त्यांतलं प्लास्टिक मुख्यतः बेटांवरून, किनाऱ्यांवरून आणि किनाऱ्यालगतच्या वस्त्यांतून गोळा केलेलं होतं. खोल समुद्रातून लाखो जोडांना पुरेल इतका, तोही चांगल्या प्रतीचा, माल मिळणं शक्यच नव्हतं.

असं का, हे कळायला प्लास्टिकच्या आत डोकवावं लागतं.

प्लास्टिक म्हणजे रेणूंच्या अतिशय लांब साखळ्या. शिजवलेल्या लांब शेवया एकमेकींत अडकतात, म्हणून चमच्यानं उचलल्या तर सगळा घोस वर येतो. त्याच शेवयांचा चुरा असेल तर काहीच एकमेकांना धरून राहत नाही. प्लास्टिकची ताकद अशीच साखळीच्या लांबीत असते. समुद्रात तरंगणाऱ्या बाटलीवर किंवा दोरावर दिवसभर ऊन पडतं. त्यातले अतिनील किरण साखळ्या तोडतात, हवेतला ऑक्सिजन तुटलेल्या टोकांशी जोडला जातो आणि प्लास्टिक ठिसूळ होतं. गच्चीवर दोनचार उन्हाळे काढलेली बादली हातात मोडते ती याच कारणानं. असं प्लास्टिक वितळवून नवी वस्तू केली तरी तुटलेल्या साखळ्या आपोआप जुळत नाहीत. त्यात नवं, ताजं प्लास्टिक मिसळावं लागतं किंवा रसायनं घालून ताकद भरून काढावी लागते.

त्यात मिठाची भर. खारं पाणी प्लास्टिकच्या बारीक भेगांत शिरतं. धुताना मीठ पूर्ण निघालं नाही, तर त्यातला क्लोराइड यंत्राच्या पोलादी भागांना गंज चढवतो. पृष्ठभागावर शेवाळ आणि शिंपल्यासारखे चिकटून बसणारे जीव असतात, आत वाळू असते. हे सगळं काढायला पाणी, रसायन आणि मजुरी लागते, आणि इतकं करून हाती येणारा माल दुय्यम दर्जाचा. शिवाय कुठला तुकडा कुठल्या जातीचा, हेही ओळखू येत नाही. कारण जात सांगणारा छापलेला आकडा आणि रंग कधीच उडून गेलेले असतात.

जातीचा मुद्दा इथे सगळ्यांत मोठा आहे. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक म्हणजे पेट. त्याची घनता पाण्यापेक्षा जास्त असते, म्हणून ते बुडतं. बाटलीचं झाकण पॉलिप्रॉपिलीनचं किंवा पॉलिथिलीनचं असतं, ते तरंगतं. पुनर्वापराच्या कारखान्यात याचाच उपयोग होतो. बाटल्या क्रशरमध्ये घालून चुरा करायचा, गरम पाण्यात कॉस्टिक सोडा घालून धुवायचा आणि टाकीत सोडायचा. झाकणांचा चुरा वर येतो, बाटलीचा तळाशी बसतो. दिसायला साधं, पण जगभर चालतं. अडचण येते ती पीव्हीसी या आणखी एका प्लास्टिकची. तेही पेटसारखंच बुडतं, त्यामुळे या टाकीत वेगळं होत नाही. पेट साधारण 260 अंश सेल्सिअसला वितळतं; तेवढ्या उष्णतेत पीव्हीसी विघटित होऊन हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि आजूबाजूच्या चांगल्या पेटच्या साखळ्याही तुटतात. पीव्हीसीचे थोडेसे तुकडे पूर्ण घाण्याचा माल पिवळा आणि कमजोर करू शकतात.

पाणीही पेटचं शत्रूच. वितळलेल्या पेटमध्ये ओल राहिली तर पाण्याचा रेणू साखळी कापतो. म्हणून चुरा वितळवण्याआधी इतका सुकवतात की दहा लाख भागांत पाण्याचे 50 भागही उरू नयेत. मग एक्स्ट्रूडर नावाच्या यंत्रात वितळवून, जाळीतून गाळून त्याचा दाणा पाडतात. हा दाणा म्हणजे या धंद्याचं चलन. यापासून धागा निघतो, धाग्यापासून टी-शर्ट आणि बुटाचं वरचं कापड. चांगल्या प्रतीच्या, सावलीत राहिलेल्या, एकाच जातीच्या बाटल्या मिळाल्या तरच हे सगळं नीट जमतं. आणि अशा बाटल्या खोल समुद्रात मिळत नाहीत, गल्लीत मिळतात.

म्हणून पॅसिफिकमधल्या कचऱ्याच्या पट्ट्याविषयी बोलताना मी जपून बोलते. 1997 मध्ये चार्ल्स मूर या खलाशाच्या नजरेला तो पडला, तेव्हापासून तो जगभर चर्चेत आहे. 2018 च्या अभ्यासानुसार त्याचं क्षेत्रफळ सुमारे 16 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचपटीहून थोडं अधिक. पण त्यात तरंगणारं प्लास्टिक सुमारे 79 हजार टन आहे. वर उल्लेखलेल्या वार्षिक अंदाजाशी ताडून पाहा. सगळा पट्टा उद्या साफ झाला तरी एका वर्षात समुद्रात पडणाऱ्या नव्या प्लास्टिकपुढे तो किरकोळ ठरतो. साफसफाई करणाऱ्यांचं धाडस मोठं आहे, आणि तिथलं प्लास्टिक काढायला हवंच, कारण त्यात कासवं आणि मासे अडकतात. पण तो कच्च्या मालाचा साठा आहे असं समजून उद्योग उभा राहू शकत नाही.

त्या पट्ट्यातली एक गोष्ट मात्र उद्योगाच्या खरोखर कामाची आहे. वजनानं पाहिलं तर त्यातला सुमारे 46 टक्के भाग मासेमारीच्या जाळ्यांचा आहे.

जाळ्यांचं वेगळेपण नायलॉनमध्ये आहे. नायलॉन 6 या प्रकाराची साखळी कॅप्रोलॅक्टम नावाच्या एकाच रेणूपासून बनते. तो मुळात एक कडं असतो. कडं उघडून एकापुढे एक जोडली की नायलॉन तयार होतं. योग्य उष्णता आणि वाफ देऊन ही क्रिया उलटी फिरवता येते. साखळी सुटते, पुन्हा कॅप्रोलॅक्टम मिळतं, ते ऊर्ध्वपातन करून शुद्ध करता येतं आणि त्यापासून पुन्हा नवंकोरं नायलॉन बनतं. उन्हानं तुटलेल्या साखळ्यांचा प्रश्नच इथे उरत नाही, कारण साखळी मुळापासून नव्यानं विणली जाते. इटलीच्या ॲक्वाफिल कंपनीनं 2011 पासून ‘इकोनिल’ या नावानं असा धागा बाजारात आणला. स्लोव्हेनियातल्या त्यांच्या कारखान्यात जुनी जाळी येतात, तसेच जुने गालिचेही येतात. पोहण्याच्या महागड्या कपड्यांवर इकोनिलचं नाव दिसतं ते हेच. चिलीमध्ये ब्युरिओ ही कंपनी मच्छीमारांकडून निकामी जाळी विकत घेते. तिनं सुरुवात स्केटबोर्डपासून केली होती.

जाळं समुद्रात हरवलं की ते मासेमारी थांबवत नाही. मासे, खेकडे, ऑलिव्ह रिडले कासवं त्यात अडकत राहतात. आपल्याकडे हर्णै किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर गेलात तर धक्क्यावर बसून जाळी दुरुस्त करणारी माणसं दिसतील. दुरुस्तीपलीकडे गेलेलं जाळं कधी परसाला कुंपण म्हणून लागतं, कधी किनाऱ्यावरच पडून राहतं. त्याला चांगला भाव देणारा कुणी बंदरावरच बसला, तर ते पाण्यात जाणार नाही. अर्थात सगळी जाळी नायलॉनची नसतात. ट्रॉलरची जाळी बरीचशी पॉलिथिलीनची असतात, त्यांना ही उलटी क्रिया लागू पडत नाही. दोर, तरंगते ठोकळे, शिशाची वजनं हातानं सोडवावी लागतात. हे काम वेळखाऊ आहे, पण किनाऱ्यावरच्या बायाबापड्यांना रोजगार देणारंही आहे, आणि मला तरी या सगळ्या उद्योगातला हा भाग सर्वांत आशेचा वाटतो.

आता समुद्रापासून दूर असलेल्या आपल्या पुण्याचं काय? आपण कोकणापासून सरळ रेषेतही साधारण शंभर किलोमीटर आत. पन्नासच्या रेघेबाहेर. आणि आपल्या नद्या कोकणाकडे पाठ करून वाहतात. संगमावर मुळा-मुठा एक होतात, पुढे भीमेला मिळतात. ते पाणी उजनीत साठतं, पंढरपुरात चंद्रभागा म्हणून भाविकांच्या पायांशी येतं, कर्नाटकात रायचूरजवळ कृष्णेला मिळतं, श्रीशैलम, नागार्जुनसागर आणि विजयवाडा ओलांडून आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागराला भेटतं. वाटेत धरणांच्या इतक्या भिंती असताना पुण्याच्या डेक्कन भागात फेकलेली अख्खी बाटली समुद्रापर्यंत पोचण्याची शक्यता कमीच. ती काठावरच्या बाभळींना लटकते किंवा उजनीच्या गाळात जाते. 2021 च्या एका मोठ्या अभ्यासाचाही निष्कर्ष याच दिशेचा आहे. नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी 80 टक्के प्लास्टिक हजाराहून अधिक नद्यांतून येतं आणि त्यांत किनाऱ्याजवळच्या शहरांतून वाहणाऱ्या छोट्या नद्यांचा वाटा मोठा आहे. लांब, संथ, धरणांनी अडवलेल्या नद्या त्यामानानं मागे राहतात.

पण पुणेकरांनी एवढ्यावर सुटकेचा निःश्वास टाकू नये. त्या अभ्यासात जगातल्या सर्वाधिक प्लास्टिक वाहून नेणाऱ्या नद्यांमध्ये आपली उल्हास नदी वरच्या क्रमांकावर आहे, आणि उल्हास उगम पावते राजमाचीच्या कुशीत, लोणावळा-खंडाळ्याच्या खालच्या दरीत. पावसाळ्यात शनिवार-रविवारी आपण जिथे भजी-कणीस खायला जातो, ती पाणलोटाची धार आहे. पूर्वेला सांडलेलं उजनीकडे जातं, पश्चिमेच्या दरीत भिरकावलेलं काही तासांच्या पावसात ओढ्याला लागतं आणि पुढे वसईच्या खाडीचा रस्ता धरतं. ताम्हिणीच्या पलीकडे कुंडलिका आहे, वरंध्याखाली सावित्री. धरणांचा अडथळा इथे जवळपास नाही. घाटातल्या एका वळणावर टाकलेलं वेफर्सचं पाकीट शहरातल्या शंभर बाटल्यांपेक्षा समुद्राच्या अधिक जवळ असतं.

वेफर्सचंच पाकीट का म्हणते? कारण बाटली बहुधा उचलली जाते. पुण्यातल्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं, म्हणजे पाषाण रस्त्यावरच्या एनसीएलनं, पेटचा अभ्यास केला तेव्हा देशातल्या पेटपैकी सुमारे 90 टक्के कुठल्या ना कुठल्या रूपात पुन्हा वापरात येतं असं दिसलं. जगभरात आजवर तयार झालेल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी जेमतेम 9 टक्के पुनर्वापरात आलं, असा 2017 चा अंदाज आहे. त्या पार्श्वभूमीवर हा आकडा थक्क करणारा आहे. यामागे कुठलं अद्भुत यंत्र नाही. बाटलीला भंगारात भाव मिळतो, म्हणून ती उचलली जाते.

आणि ती उचलणारी माणसं आहेत. पुण्यात कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत 1993 मध्ये उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या, बहुतांश दलित समाजातल्या बायकांना बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संघटित केलं. महापालिकेच्या सहीची ओळखपत्रं मिळवणं ही या संघटनेची फार मोठी कमाई. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था झाली आणि 2008 मध्ये तिनं महापालिकेशी करार केला. दारोदार जाऊन कचरा घेणारी ताई सुका कचरा शेडमध्ये नेऊन त्याचे प्रकार वेगळे करते. दुधाच्या पिशव्या वेगळ्या, कडक प्लास्टिक वेगळं, पाण्याच्या बाटल्या वेगळ्या. मग माल भंगारवाल्याकडे, तिथून गाठी बांधून मोठ्या व्यापाऱ्याकडे, तिथून कारखान्यात. समुद्राचं प्लास्टिक वाचवण्याच्या उद्योगातलं सर्वांत अवघड काम, म्हणजे ओळखून वेगळं करणं, जगात बहुतेक ठिकाणी असेच हात करतात. लेबलवर त्यांचा उल्लेख नसतो आणि किमतीतला वाटाही त्यांच्यापर्यंत फार थोडा येतो. मला हे सलतं.

वेफर्सच्या पाकिटाला मात्र भाव नाही. त्यात पॉलिप्रॉपिलीन, पॉलिथिलीन आणि ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. खाद्यपदार्थ कुरकुरीत राहायला ते उत्तम, पण थर सोडवणं जिकिरीचं. वजन नगण्य, विकून पैसे शून्य; मग वेचणाऱ्या बाईनं ते कशासाठी वाकून उचलावं? 2023 मध्ये पुण्यातल्या ‘आशाया’ या कंपनीनं चिप्सच्या पाकिटांपासून बनवलेले गॉगल बाजारात आणले आणि कचरावेचकांनाच कामावर घेतलं. अशा पाकिटाला भाव मिळवून देण्याचा हा खटाटोप समुद्राच्या दृष्टीनं फार मोलाचा आहे, मग गॉगलच्या लेबलवर समुद्राचं नाव असो वा नसो.

बाकी वाटा आहेत. केरळात 2017 पासून ‘शुचित्व सागरम्’ योजनेत कोल्लमचे मच्छीमार जाळ्यात आलेलं प्लास्टिक परत टाकून न देता बंदरावर आणू लागले. त्यातलं बरंचसं रस्त्याच्या डांबरात वापरलं गेलं. रस्त्याचं हे तंत्र मदुराईच्या प्रा. राजगोपालन वासुदेवन यांचं, त्यासाठी त्यांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. प्लास्टिक ऑक्सिजनशिवाय तापवून त्याचं तेल काढण्याचे प्रकल्पही आहेत. हे उपयोगी आहे. पण रस्त्यात गेलेलं किंवा तेल होऊन जळलेलं प्लास्टिक पुन्हा प्लास्टिक होत नाही. आपल्या सरकारी नियमांतही या दोन्हींची गणना पुनर्वापरात न होता शेवटच्या विल्हेवाटीत होते.

नियमांचा विषय निघालाच आहे तर भावाकडे परत येऊ. नवं प्लास्टिक खनिज तेलापासून आणि वायूपासून बनतं. 2020 मध्ये तेलाचे भाव कोसळले तेव्हा नवा दाणा पुनर्वापराच्या दाण्याहून स्वस्त झाला आणि जगभर पुनर्वापराचे कारखाने अडचणीत आले. हा उद्योग केवळ ग्राहकांच्या सदिच्छेवर टिकणार नाही, त्याला खात्रीची मागणी लागते. म्हणून 2022 मध्ये केंद्र सरकारनं वेष्टनं वापरणाऱ्या कंपन्यांना अटी घातल्या: कडक प्लास्टिकच्या वेष्टनांत पुनर्वापराचा माल 2025-26 पासून 30 टक्के, तो वाढवत 2028-29 मध्ये 60 टक्के. बहुथरी पाकिटांसाठी मात्र सुरुवात फक्त 5 टक्क्यांची. जे सोपं त्याला मोठं उद्दिष्ट, जे अवघड त्याला छोटं. कारखान्याच्या बाजूनं ते समजण्यासारखं आहे, समुद्राच्या बाजूनं नेमकं उलटं. शिवाय कागदावरची कामगिरी तपासावी लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला 2023 मध्ये पुनर्वापराची 6 लाखांहून अधिक बनावट प्रमाणपत्रं सापडली आणि त्यात महाराष्ट्रातले कारखानेही होते.

टी-शर्टबद्दलही एक शंका मनात असू द्यावी. बाटलीची पुन्हा बाटली करता येते. बाटलीचा टी-शर्ट झाला की त्यातून पुन्हा काही बनणं दुर्मिळ. प्रत्येक धुण्यात त्यातून बारीक तंतू सुटतात, ते सांडपाण्यातून नदीला मिळतात. नवा पॉलिएस्टर असो की पुनर्वापराचा, तंतू सुटायचे थांबत नाहीत. त्यात जगात दरवर्षी 40 कोटी टनांहून अधिक नवं प्लास्टिक तयार होतं. ते कमी करण्यासाठी जागतिक करार व्हावा म्हणून ऑगस्ट 2025 मध्ये जिनिव्हात देश जमले आणि सहमतीविना परतले.

तेव्हा दुकानात ते लेबल दिसलं तर तीन गोष्टी शोधा: वस्तूत किती टक्के असं प्लास्टिक आहे, ते कुठून आलं, आणि गोळा करणाऱ्याला काय मिळालं. पहिली गोष्ट बहुधा लिहिलेली असते, दुसरी क्वचित, तिसरी जवळपास नसतेच. विक्रेत्याला विचारा, कंपनीला लिहा. गिऱ्हाईक विचारू लागलं की कंपन्या छापू लागतात.

आणि घरी दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, पिशवीला लागूनच राहू द्या. पिशवी धुऊन सुक्यात दिली तर ती विकली जाते. तुटलेला कोपरा इतका हलका असतो की त्याला कुणी वेचत नाही, आणि पॉलिथिलीनचा असल्यानं तो पाण्यावर तरंगतो.